भिंतीकडे तोंड

जगात पाहण्यासारखी थेटरं दोनच, असं आमच्या आतोबांचं ठाम मत होतं. त्यातलं एक लोणावळ्याच्या बाजारात होतं आणि दुसरं त्यांनी अजून पाहिलेलं नव्हतं. पुण्याची थेटरं त्यांनी पाहिली होती, मुंबईचंही एक पाहिलं होतं, आणि ती सगळी पाहून झाल्यावरच त्यांनी हे मत बनवलं होतं, त्यामुळे ते उडवून लावायची सोय नव्हती. मुंबईच्या थेटराचा विषय निघाला की ते म्हणत, "हाय, मोठं हाय. पर आत गेल्यावर कुनी इचारत न्हाई, कवा आला म्हनून." ज्या थेटरात शिरताना चार माणसं आपल्याला हाक मारत नाहीत ते थेटर नव्हे, ती नुसती इमारत, अशी त्यांची व्याख्या होती. या व्याख्येत बसणारं थेटर एकच होतं: बाजाराच्या टोकाला, रेल्वेच्या कुंपणाला पाठ लावून उभं असलेलं, पत्र्याचं, आमचं.

आता आतोबा पाहुण्यांना जे सगळ्यात शेवटी सांगत ते मी आधीच सांगून टाकतो. ते थेटर एका दारूच्या गुत्त्याला जोडलेलं होतं. पुढे गुत्ता, मागे थेटर, आणि थेटरात जायची वाट गुत्त्यातूनच. मागच्या अंगाला रेल्वेचं कुंपण, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला एका सोनाराच्या घराची भिंत, आणि तो सोनार आपल्या भिंतीला कुणाला खिळाही मारू देत नसे. गुत्त्याच्या पारशी शेटजींना नाटकाचा भारी नाद. त्या नादापायी त्यांनी मागच्या लाकडाच्या वखारीचं थेटर केलं, पण दुसरं दार ठेवायचं राहून गेलं. राहून गेलं नाही, मुद्दाम ठेवलं नाही, असंही काही जण म्हणत, कारण आत जाणारा माणूस वाटेत एखादा पेला घेतोच. पुण्याहून मुंबईला निघालेल्या नाटक कंपन्या घाट उतरण्याआधी लोणावळ्याला दोन-चार खेळ करीत, तेव्हा त्यांचे राजे, प्रधान, ऋषी सगळे याच दारानं आत जात. रंगपट इतका अडचणीचा, की राणीचं काम करणारा नट गुत्त्यातल्या आरशासमोर दाढी करायचा. एखादा हमाल पेला बाजूला ठेवून त्या राणीला तांब्याभर गरम पाणी आणून द्यायचा, आणि थोड्या वेळानं तीच राणी पडद्यापुढे रडायला लागली की तोच हमाल धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसायचा. असलं प्रेम मी पुण्यात कुठल्या थेटरात पाहिलेलं नाही, आणि या एका बाबतीत मीही आतोबांच्या पक्षातला आहे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे टाकवे बुद्रुकचे. घरची भातशेती भावावर सोपवून ते लोणावळ्याला आले आणि त्यांनी पोह्याची भट्टी घातली. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांच्याच घरी राहायला गेलो. भट्टीतले भाजके पोहे आणि फुटाणे गुत्त्यात जात, ते पोचवायला आतोबा स्वतः जात, आणि एकदा गेले की थेटर बंद झाल्याशिवाय परत येत नसत. दारूच्या थेंबाला त्यांनी उभ्या जन्मात स्पर्श केला नाही. त्यांचं स्वतःचं एक पितळी फुलपात्र गुत्त्याच्या फळीवर उपडं ठेवलेलं असायचं, त्यातून ते गोटीसोडा पीत, तोही चहासारखा फुंकून. टाकव्यात मात्र 'पोहेवाला लोणावळ्याला जाऊन बिघडला' अशी बोलवा होती. मी एकदा म्हटलं, "आतोबा, तुम्ही पीत नाही हे गावात एकदा सांगून का टाकत नाही?" तर म्हणाले, "मास्तर, गुत्त्यात बसून म्या पीत न्हाई म्हनलं, तर पिनारा तर म्हनत्यालच, वर खोटारडाबी म्हनत्याल. त्यापरीस नुसतं पिनारा बरं."

लोणावळ्याला येणारा पाहुणा लेणी बघायला येतो, धरण बघायला येतो, हवा खायला येतो. आतोबांचा पाहुणा आधी थेटर बघायचा. सोमाटण्याचे आमचे एक व्याही, गळ्यात माळ, वारकरी माणूस, आमच्याकडे उतरून सहकुटुंब कार्ल्याला निघाले होते. आतोबांनी त्यांना भर दुपारी गाठून थेटराकडे नेलं. गुत्त्याच्या दारात व्याह्यांचे पाय थांबले. आतोबांनी त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, "पावनं, हितं डोळं मिटायचं आन् तितं उघडायचं. मधी म्या हाय." आणि डोळे मिटलेल्या व्याह्यांना त्यांनी खरोखरच पिंपांच्या मधून चालवत आत नेलं. आत रिकामं थेटर. आतोबांनी महालाचा पडदा खाली सोडून दाखवला, बागेचा सोडून दाखवला, जंगलाच्या पडद्यावरचा वाघ कुठल्या रंगाऱ्यानं चुकून हसरा काढला तेही सांगितलं. बायकामंडळी बाहेर टांग्यात ताटकळत बसली होती. व्याही बाहेर आल्यावर म्हणाले, "वाघ चांगला हाय." आतोबांना ते वर्षभर पुरलं.

त्यांची खेळ बघण्याची तऱ्हाही जगावेगळी होती. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. तीत ते उलटे बसत, म्हणजे पाठ रंगमंचाकडे आणि तोंड लोकांकडे. खेळ त्यांना पाठ असे. आपल्या थेटरात लोकांना कसं वाटतंय, हे बघायला ते येत. कुणी जांभई दिली तर त्यांना घरच्या माणसानं ताटात अन्न टाकल्यासारखं लागायचं. एकदा माझे हेडमास्तर ऐन करुण प्रवेशात पेंगले, तर आतोबांनी दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "तुमच्या साळंत ह्यो मानूस पोरांस्नी काय शिकीवतो?" मी नोकरीच्या भीतीनं गप्प बसलो.

पण आतोबांचं खरं थेटर घरी, चुलीपुढे. खेळ पाहून आले की जेवताना ते तो आत्याला अख्खा करून दाखवीत. राजा म्हणून उठत, प्रधान म्हणून बसत, राणी व्हायची असली की खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेत. हातात उलथनं असलं तर ती तलवार, नसलं तर भाकरीचा तुकडाच तलवार. आत्या भाकऱ्या थापता थापता ऐके आणि मध्येच म्हणे, "पुरं आता, कालवन गार झालं." कित्येक वर्षं हे चाललं होतं. गावात आलेला प्रत्येक खेळ आत्याला तोंडपाठ होता, कुठल्या प्रवेशात राणी पडते आणि कुठल्यात राजाचा मुकुट वाकडा होतो हेही ठाऊक होतं, आणि थेटरात तिनं एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं. गुत्त्यातून घरंदाज बाई जाणार कशी? आत्याच काय, गावातली एकही बाई गेली नव्हती.

एके दिवशी आतोबा उपरण्यातली राणी होऊन रडत असताना आत्या काठवटीवरून मान वर न करता म्हणाली, "मला येकदा खरी राणी बघायचीया." आतोबा तसेच उभे राहिले. डोक्यावरचं उपरणं काढायचंही त्यांना सुचलं नाही. ज्या थेटराची फुशारकी त्यांनी सोमाटण्यापर्यंत पोचवली, ते थेटर आपल्या बायकोनंच पाहिलेलं नाही, ही गोष्ट इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात आली नसेल असं नाही. पण ती कुणी बोलून दाखवली नव्हती. त्या दिवशी ते न जेवता उठले, आणि पुढे दोन-तीन दिवस घरात ना राजा आला ना राणी.

मग त्यांनी शेटजींचा पिच्छा पुरवला. दुसरं दार पाडा म्हणाले. शेटजींनी त्यांना हाताला धरून थेटराभोवती फिरवलं आणि विचारलं, "कुठे पाडू? रेल्वेत, ओढ्यात, का सोनाराच्या देवघरात?" मग, खेळ सुरू होताना घटकाभर गुत्ता बंद ठेवा म्हणाले. सगळा गाव आतोबांना आबा म्हणे. शेटजी म्हणाले, "आबा, त्याच घटकेवर माझं थेटर चालते." तेही खरं होतं. शेवटी आतोबा एका संध्याकाळी गुत्त्यातल्या बाकड्यावर उभे राहिले आणि पिणाऱ्यांपुढेच त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. मी कोपऱ्यात होतो. शाळेचा मास्तर असल्यामुळे मी नेहमी कोपऱ्यातच असे.

"गड्यांनो," ते म्हणाले, "आपल्या बायकांनी ह्यो खेळ कवा बघायचा?"

गुत्त्यात तेव्हा घाटाच्या इंजिनावरचे खलाशी होते, स्टेशनावरचे हमाल होते, गवताच्या गाड्या घेऊन आलेले गडी होते. त्यातला एक वयस्क हमाल म्हणाला, "आबा, तुमची कारभारीन यील, तिला कोन काय म्हनंल? पर तिच्यामागं आमच्या बी येत्याल. आन् त्यांनी आमाला हितं बगितलं तर?"

खरी अडचण ही होती. बाईमाणसाची लाज कुणी काढणार नव्हतं, प्रश्न पुरुषांच्या लाजेचा होता. थेटराच्या दारावर एक मुसलमान म्हातारा तिकिटं फाडायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. तो दारातून म्हणाला, "मंग त्वांडं भितीकडं करा की. बाया जाईस्तवर भित बघायची. पाठीला काय नाव लिवलेलं आसतंय व्हय?"

हा तोडगा सगळ्यांना इतका पटला की शेटजींनी त्या आनंदात एकेक पेला वर दिला. ठरलं असं: शनिवारचा खेळ बायकांचाही. चाचानं दारातून "भित!" अशी आरोळी दिली की ज्यानं त्यानं पेल्यासकट वळून भिंतीकडे तोंड करायचं, शेवटची बाई आत जाईपर्यंत, आणि खेळ सुटल्यावर बाहेर पडेपर्यंत, वळायचं नाही, आणि खोकायचंही नाही, कारण खोकल्यावरून माणूस ओळखू येतो. कुणी वळून बघत नाही ना, यावर नजर ठेवायला एक माणूस मात्र तोंड इकडे करून हवा होता. ते काम आतोबांनी आपणहून अंगावर घेतलं, आणि त्यासाठी मधलं एक बाकडं धरलं. चाचा गालात हसला.

त्या शनिवारी आत्यानं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. दारात येऊन ती दोनदा परत आत गेली. एकदा देवापुढचा दिवा नीट करायला, एकदा काहीच न करता. "लोक काय म्हनत्याल," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, लोक भिंत बघत असणार आहेत." तिच्यामागे गल्लीतल्या पाच-सहा जणी होत्या. आत्या माघारी फिरली असती तर त्याही फिरल्या असत्या, आणि पुन्हा कधी कुणी निघालं नसतं. हे तिलाही कळत होतं. गुत्त्याच्या पायरीवर ती थांबली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, आणि चाचानं आरोळी दिली.

मी आधीच आत जाऊन इतरांबरोबर भिंतीकडे तोंड करून उभा होतो, कारण मागून येणाऱ्यांत माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या आया होत्या. माझ्या नाकासमोर एक पोपडा सुटलेला होता, तो मला अजून आठवतो. मागून बांगड्यांचा आवाज येत होता. एवढे पिणारे एका खोलीत, आणि श्वासही ऐकू येईना. बांगड्या हळूहळू पुढे सरकत होत्या, आणि तेवढ्यात त्यातल्या एका जोडीचा आवाज माझ्या शेजारच्या वयस्क हमालामागे थांबला. एक बाई अगदी हळू, घरातल्या आवाजात म्हणाली, "ह्ये ठिगाळ निघालंय. उद्या बंडी काडून ठिवा, शिवते."

पाठीला नाव लिहिलेलं नसतं हे चाचाचं म्हणणं खरं होतं. पण प्रत्येक पाठीवरच्या बंडीला ठिगळ होतं, आणि ते ज्या हातानं लावलं तो हात नेमका मागून चालला होता. त्या रात्री लोणावळ्यातल्या बऱ्याच घरांत कोण कुठे उभं होतं ते कळलं. पण गंमत अशी, की कुठल्याच घरात त्यावरून भांडण झालं नाही. बायको आपल्याला बघून काही वावगं न बोलता खेळाला गेली, याचं त्या गड्यांना इतकं वाटलं, की पुढच्या शनिवारी सगळे धुतलेल्या बंड्या घालून आले.

खरी राणी बघून आत्या घरी आली. आतोबा तिच्या तोंडाकडे बघत बसले. ती म्हणाली, "बरी हाय. पर तुमची राणी जास्ती रडती." आतोबा त्यावर इतके खूश झाले, की त्यांनी तिथल्या तिथे उपरणं डोक्यावर घेतलं.

पुढे ही रीतच पडली. कुणी नवा माणूस आला आणि वळला नाही तर बाकीचे त्याला वळवत. एकदा खंडाळ्याच्या कुठल्या बंगल्यावरचा खानसामा बसला होता. आरोळी झाली तरी हा आपला दाराकडे तोंड करून पीत बसलेला. म्हणाला, "मी पैसे दिलेत." तेव्हा इंजिनावरच्या दोघा खलाशांनी त्याला काही न बोलता बाकड्यासकट उचललं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि स्वतःही त्याच्या शेजारी तोंड फिरवून बसले. बाया आत गेल्यावर त्यांनी त्याचं बाकडं पुन्हा होतं तिथे आणून ठेवलं. हे मी पुण्यात सांगतो तेव्हा लोक हसतात, मीही हसतो. पण मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही. शिकल्यासवरल्या माणसांनी सभा भरवून, ठराव करून जे जमवलं नसतं ते एका पोहेवाल्यानं बाकड्यावर उभं राहून जमवलं, आणि ज्यांना शुद्ध आहे की नाही याची शंका यावी अशा माणसांनी ते वर्षानुवर्षं पाळलं. आणि तो पोहेवाला माझा आतोबा होता.

लढाईच्या दिवसांत, एका थंडीत, आतोबा छातीच्या दुखण्यानं गेले. शेवटच्या दिवसांत चाचा भेटायला आला की ते त्याला एकच विचारीत, "शनवारी किती बाया आल्या?" चाचा आकडा नेहमी वाढवून सांगे. ते त्यांना कळत असे, आणि तरी ते समाधानानं डोळे मिटत.

त्यानंतर आत्या थेटराकडे फिरकली नाही. चुलीपुढे भाकऱ्या थापताना कधी मध्येच थांबायची, कुणाच्या तरी संवादाची वाट बघितल्यासारखी. वर्ष गेलं, दुसरं सरलं. मग एक कंपनी आली, आणि तिनं नेमका तो राणीचा खेळ लावला. चाचा घरी आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "वैनी, तुमी येत न्हाई म्हनून बाकीच्या बी कमी येत्यात. गडी आपलं शनवारी भितीकडं त्वांड करून हुबं ऱ्हात्यात, आन् मागनं कुनी जातच न्हाई. कसं तरीच वाटतं त्यास्नी." आत्या आत जाऊन चूल सारखी करून आली. मग म्हणाली, "आबांची रीत हाय ती. मोडाया नगं."

शनिवारी मी तिच्याबरोबर गेलो. तिनं साधंच लुगडं नेसलं होतं. गुत्त्याच्या पायरीवर ती पूर्वीसारखीच थांबली, पदर सारखा केला. चाचाचा आवाज आता फार चढत नव्हता, पण आरोळीची गरजच पडली नाही. ती दारात दिसताच सगळे उठले आणि वळले. काही जुने होते, केस पांढरे झालेले. काही पोरसवदा होते, ज्यांनी आतोबांना पाहिलंही नसेल. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. फळीवर ते पितळी फुलपात्र तसंच उपडं होतं, घासून लख्ख.

आत्या निम्म्या वाटेत थांबली. आतोबांचं बाकडं रिकामं होतं. तिथे कुणी बसत नसे.

"चल आत्या," मी हळूच म्हटलं.

"थांब की." ती त्या बाकड्याकडे बघत होती. "ही समदी भितीकडं बगायची. त्येंनी मातुर कवा त्वांड फिरवलं न्हाई. मला म्हनायचे, नजर ठिवाया बसतो. कशाची नजर? म्या येवडं लुगडं नेसून यायची, त्ये बगाया बसायचे." तिनं पदर पुन्हा सारखा केला. "आता इतकी मान्सं हैत, पर बगनारं कुनी न्हाई."

कुणी वळलं नाही. पण पाठी हलताना मला दिसल्या, आणि कुणीतरी नियम मोडून खोकलं.

त्या गुत्त्यात मी कायम भिंतीकडे तोंड करूनच उभा राहिलो होतो. त्या दिवशी मी आतोबांच्या बाकड्यावर जाऊन बसलो, तोंड इकडे करून. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, पदराच्या टोकानं डोळे टिपले, आणि मान ताठ ठेवून ती थेटराच्या दाराकडे चालू लागली. ती आत जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो.